शॉकअप बदलताय? आधी टेप घ्या

गगनबावडा, आंबा, राधानगरी भागातल्या चिखलवाटांवर गाडी घालणाऱ्यांनी हे जरूर वाचा. जिप्सी किंवा जुनी जीप अशी पाट्यांची गाडी लिफ्ट केली की कंपनीचा शॉकअप आखूड पडतो. चाक खड्ड्यात लटकलं की सगळा ताण त्याच्यावर येतो आणि डोळ्याचं वेल्डिंग तुटतं. फार लांब घेतला, तर बंपस्टॉप टेकायच्या आधीच तो आतून आपटतो. म्हणून चाक पूर्ण दाबून आणि पूर्ण लटकवून, दोन्ही वेळा वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजा. मिटलेला शॉकअप पहिल्या मापापेक्षा आखूड हवा, उघडलेला दुसऱ्यापेक्षा लांब.

ट्विन-ट्यूब उलटा बसवू नका, तेलात हवा शिरते. मोनोट्यूब लांब कच्च्या उतारावर तापून लवकर ढिला पडत नाही. माझी पसंती त्यालाच. शॉकअप ४५ अंश कलला की चाकापाशी त्याचा जोर जवळपास निम्मा उरतो, तेव्हा ब्रॅकेट शक्य तितकं उभं ठेवा.

रबरी बुशचे बोल्ट मात्र जॅकवर असताना नुसते हातानं लावा. पक्के आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी राहिल्यावरच, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.