भेदरलेली मुले आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपचार

मेक्सिको देशाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर आकापुल्को नावाचे बंदर आहे. १९९७ च्या ऑक्टोबर महिन्यात 'पॉलीन' नावाच्या चक्रीवादळाने त्या किनाऱ्याला गाठले. डोंगरउतारांवर दाटीने वसलेल्या गोरगरिबांच्या वस्त्यांवर चिखलाचे व दगडांचे लोट कोसळले. त्या वादळात शेकडो माणसे प्राणांस मुकली. पुढील वर्षी लुसिना आर्तिगास आणि इग्नासिओ हारेरो हे दोघे मानसोपचारक तेथील मुलांना मदत करू लागले, तेव्हा त्यांच्यापुढे साधीच पण कठीण अडचण उभी राहिली. मुले पुष्कळ, आणि उपचार जाणणारी माणसे थोडी.

ज्या उपचाराविषयी येथे लिहावयाचे आहे त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ई. एम. डी. आर. म्हणतात. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन बाईंनी तो शोधून काढला. १९८७ साली, मानसशास्त्राच्या विद्यार्थिनी असताना, एका उद्यानात फेरफटका मारीत असता त्यांच्या असे ध्यानी आले की, डोळे भराभर इकडून तिकडे हलत असताना मनात घोळणाऱ्या त्रासदायक विचारांची धार बोथट होते. पुष्कळांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली असती. शपिरोबाईंनी तिचा पाठपुरावा केला व १९८९ साली २२ माणसांवरील आपला पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. रोजच्या आठवणी आपले मन अन्नासारखी पचविते. परंतु पूर, अपघात, आगीची रात्र, डोळ्यांदेखत झालेली मारहाण किंवा मृत्यू यांची आठवण कधी कधी पचतच नाही. ती त्या दिवशीच्या आवाजासह, वासासह आणि भीतीसह जशीच्या तशी अडकून राहते. मग वर्षभरानंतरही तसाच आवाज कानी आला की मुलाला ते सारे आताच घडत आहे असे वाटते.

लहान मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही. ते अंगाने सांगते. अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा ओले करू लागते, झोपेत किंचाळते, आईचा पदर सोडीत नाही, शाळेत शून्यात पाहात बसते, किंवा एकच खेळ, घर पडण्याचा, गाडी आदळण्याचा, पुन्हा पुन्हा खेळते. आमच्या घरांतून अशा मुलाला काय मिळते? "विसरून जा आता" हा उपदेश. ओल्या अंथरुणाबद्दल धपाटा. आणि फारच झाले तर दृष्ट काढणे किंवा गंडा. आजीची माया खोटी नसते, हे आम्ही जाणतो. परंतु विसर हा आज्ञेने पडत नाही, आणि धपाट्याने तर भीतीत भरच पडते.

उपचारक प्रथम मुलाशी ओळख वाढवितो. आठवणीला हात घालण्यापूर्वी मुलाला मनातली एक सुरक्षित जागा शोधावयास सांगतो; ती आजोळचे अंगण असेल, आंब्याची फांदी असेल. नको वाटले की हात वर करून थांबविण्याची मुभा असते, आणि ती खरोखर पाळली जाते. मग त्या प्रसंगातील सर्वांत वाईट चित्र मनात धरून मुलाने उपचारकाच्या हलणाऱ्या बोटांकडे किंवा बाहुलीकडे पाहावयाचे. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. अर्धाएक मिनिट झाले की विश्रांती, आणि "आता काय दिसते?" एवढाच प्रश्न. तपशील वदवून घेण्याचा आग्रह नसतो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. अगदी तान्ह्या वयाच्या मुलांसाठी जोन लव्हेट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी आईबापांकडूनच त्या प्रसंगाची गोष्ट लिहून घेण्याची रीत घातली. मूल आईच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकते आणि त्याच्या हातापायांवर आळीपाळीने हलक्या चापट्या दिल्या जातात. त्या गोष्टीचा शेवट मात्र "आता तू सुखरूप आहेस" येथवर आणावयाचा असतो.

आकापुल्कोच्या मुलांना दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून स्वतःच्याच खांद्यांजवळ डावी-उजवी थापटी मारावयास शिकविण्यात आले. फुलपाखराच्या पंखांसारखी हालचाल, म्हणून नाव 'फुलपाखराची मिठी'. मूल कागदावर आपल्या भीतीचे चित्र काढी, त्याकडे पाहात थापट्या मारी, आणि पुन्हा नवे चित्र काढी. अशा रीतीने एकाच वेळी अनेक मुलांना हात देता आला.

डोळे हलविल्याने नेमके काय घडते, यावर विद्वानांत एकमत नाही. काहींच्या मते मनाला एका वेळी थोडेच ओझे पेलते. निम्मे लक्ष हलणाऱ्या बोटाकडे गेले की चित्र फिके होते, आणि फिके झालेलेच परत साठविले जाते. डोळ्यांची हालचाल नाममात्र असून खरा गुण आठवणीला सुरक्षितपणे सामोरे जाण्यात आहे, असे दुसरे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली मुलांसाठीही या उपचाराची शिफारस केली. इंग्लंडातील २०१८ चे मार्गदर्शन अधिक सावध आहे: मुलांना प्रथम बोलून-समजावून करावयाचा आघातविषयक उपचार द्यावा, त्याने गुण न आल्यास हा. आम्हांस ही सावधगिरी पटते.

वडोदऱ्याकडील आमच्या वाचकांना २६ जानेवारी २००१ ची सकाळ आठवत असेल. झेंडावंदनाच्या वेळी कच्छची भूमी हादरली आणि कित्येक शाळकरी मुले गाडली गेली. त्या भूकंपानंतर परदेशांतून आलेल्या चिकित्सकांनी आपल्या देशातील मानसोपचारकांना ही पद्धत शिकविली.

घरी बोट हलवून भयंकर आठवण उकरून काढण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. उघडलेली जखम बांधता येणारा माणूस जवळ हवा. आईबापांचे काम निराळे आहे. जेवणाखाण्याच्या व झोपेच्या वेळा सांभाळाव्या, रात्री दिवा हवा असेल तर ठेवावा, मूल बोलू लागले तर ऐकावे, न बोलले तर खोदू नये. घडल्या गोष्टीत त्याचा दोष नव्हता हे त्याला स्पष्ट सांगावे, कारण पुष्कळ मुले मनात स्वतःलाच दोषी धरून बसलेली असतात. महिना उलटूनही भीती ओसरत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतूनही बोलता येते.