तीन जागा, अर्ज एकही नाही

गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या आमच्या चर्चची वार्षिक सभा झाली. आसपासच्या चर्चांच्या मिळून होणाऱ्या डीनरी सिनॉडसाठी तीन प्रतिनिधी निवडायचे होते. पाळकबाईंनी तीनदा विचारलं, पण हात एकही वर गेला नाही. माझे गुडघे आता बैठकांना साथ देत नाहीत, म्हणून मी आधीच नाव काढून घेतलं होतं. चहाबिस्किटांपाशी मात्र नेहमीचा सूर ऐकू आला, 'वरचे लोक आपल्याला विचारतात कुठे?'

हा सूर माझ्या ओळखीचा आहे, पण घरात मी उलटंच पाहिलं होतं. मी नाशिकच्या शरणपूरची. वडील मंडळीचे पंच होते. नोव्हेंबर १९७० मध्ये, २९ तारखेला, नागपुरात आम्हा अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. त्याच महिन्याच्या ४ तारखेला लंडनमध्ये राणीने इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च सभेचं, जनरल सिनॉडचं, उद्घाटन केलं होतं. वडिलांना अप्रूप एवढंच, की बिशप, पाळक आणि पंच एका छताखाली बसून ठराव करणार.

इंग्लंडात त्याआधीचा पन्नास वर्षांचा इतिहास चर्च असेंब्लीचा. तिला १९१९ च्या कायद्याने अधिकार मिळाले, तरी १९२७ आणि १९२८ साली नवं प्रार्थनापुस्तक संसदेच्या कॉमन्स सभागृहाने दोनदा फेटाळलं. पुढे मी इंग्लंडमध्ये आले; इथल्या चर्चमधली पहिली काही वर्षं छपराची गळती आणि हीटरची बिलं यांतच गेली. १९९२ ची आठवण तेवढी ताजी आहे. स्त्रियांना पाळक होऊ द्यायचं का, यावर जनरल सिनॉडच्या बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशा तिन्ही सभागृहांत वेगवेगळं दोन तृतीयांश मत लागत होतं. सभासदांत १६९ विरुद्ध ८२ झाले. दोघांनी मत फिरवलं असतं, तर ठराव पडला असता.

माझं खरं दशक २००५ ते २०१५. तेव्हा मी डीनरीवर होते, आणि स्त्री बिशपचा प्रश्न आला होता. जनरल सिनॉडचं सभासदगृह सगळी मंडळी निवडत नाही. मंडळी डीनरीवर माणसं पाठवते आणि त्या माणसांनाच मत असतं. २०१० च्या निवडणुकीत एका गृहस्थांचं पत्रक आलं. तरुणांना चर्चमध्ये आणू, खेड्यातली चर्चं टिकवू, अशी गोड गोड भाषा. स्त्री बिशपबद्दल अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही, त्यांना मत दिलं.

पुढे ४४ पैकी ४२ डायसिसनी, म्हणजे धर्मप्रांतांनी, स्त्री बिशपच्या ठरावाला पाठिंबा दिला. आता काय उरलं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. २० नोव्हेंबर २०१२ ला बिशपांनी होकार दिला, पाळकांनीही दिला. सभासदगृहात १३२ बाजूने, ७४ विरुद्ध. दोन तृतीयांशाला सहा मतं कमी पडली. ठराव अडला तो आम्हा सामान्यांच्याच सभागृहात! कुणी कसं मत दिलं त्याची यादी नावानिशी जाहीर झाली. आमचे गृहस्थ ७४ मध्ये. पुढच्या बैठकीत मी त्यांना भरसभेत जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, 'मला हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.' त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जुलै २०१४ मध्ये सभासदगृहातही १५२ विरुद्ध ४५ ने ठराव झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये लिबी लेन इंग्लंडच्या चर्चच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. माझा राग मात्र गेला नाही.

त्या दशकात लोक भांडत होते, पत्रकं वाचत होते, घरी जाताना गाडीतही वाद घालत होते. आता आमच्या पाळकबाई एकट्या पाच चर्चं सांभाळतात. वार्षिक सभेच्या जोडीला चर्चचे वॉर्डन निवडायची सभा होते; तिथे तर पॅरिशमध्ये राहणाऱ्या, सरकारी मतदारयादीतल्या कुणालाही मत असतं, मग तो कुठल्याही धर्माचा असो. समोरच्या गुजराती दुकानदारालाही आहे. त्याला मी ते सांगितलं तर हसून म्हणाला, 'बेन, पहेलां तमारा लोकोने तो लावो.' म्हणजे, आधी तुमची माणसं तर आणा.

सभेच्या त्या रात्री मला ७४ मधले ते गृहस्थ आठवले. मत चुकीचं दिलं, हे मी आजही म्हणेन. पण ते अर्ज भरून उभे राहिले होते, पावसात गाडी चालवत बैठकांना यायचे. आम्ही हरलो ते अशा माणसांकडून. आता हरवायलाही समोर कुणी नाही.