साथ सरली, देणे उरले

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. शिरूरचा रोजगार पुणे-नगर रस्त्यावर आणि रांजणगावच्या एमआयडीसीवर. दौंडचा रेल्वे जंक्शनवर आणि रोज गाडीने पुण्याला जाऊन केलेल्या नोकरीवर. मार्च 2020 मध्ये दोन्हीकडची चाके एकाच वेळी थांबली. आधी प्रवासी गाड्या बंद झाल्या, मग 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली.

पगारदाराला पुढच्या महिन्याची चिंता होती. गॅरेजवाले, हातगाडीवाले, घरी शिलाई करणाऱ्या भगिनी, आठवडे बाजारात बांगड्या विकणारे मणियार यांना त्याच संध्याकाळची. 25 एप्रिलला रमजान सुरू झाला. तरावीह घरात, ईदची नमाजही घरात. कापड, शेवया, खजूर विकणाऱ्यांची वर्षाची कमाई याच महिन्यात होते. ती बुडाली. 2021 चा रमजानही 14 एप्रिलला, राज्यात नवे निर्बंध लागू झाले त्याच दिवशी सुरू झाला.

माणशी 5 किलो मोफत धान्याने चूल पेटती राहिली. पण दुकानाचे भाडे, मुलांची फी, गाडीचा हप्ता धान्याने फिटत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2020 अखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. अनेकांना ती माफीच वाटली. व्याज मात्र चढत राहिले. मग दागिने गहाण पडले, उसनवारी वाढली.

आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान झाले ते लपवण्याने. घरच्यांना काळजी नको म्हणून कर्ता पुरुष बोलत नाही. झोप उडते, चिडचिड वाढते, घर धुसफुसते. आणि तोच साथीत गेला, तर इद्दतीत बसलेल्या पत्नीला ठाऊकच नसते, देणे कोणाचे, येणे कोणाकडून, बँकेची कागदपत्रे कुठे. चार महिने दहा दिवसांच्या त्या काळात तिला दुःखाबरोबर हिशेबही शोधावा लागतो. गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडण्याची मुभा तिला आहे, हेही अनेक घरांत सांगितले जात नाही.

वास्तविक उसने देणे-घेणे लिहून ठेवा, अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्या, असा आदेश सूरह बकरामध्ये आहे. वारसांच्या वाटणीआधी मृताचे कर्ज फेडायचे असते. जकातीच्या हक्कदारांत कर्जात बुडालेलाही आहे. मग निदान एवढे करू या:

घरात एक वही ठेवू या. देणे, येणे, खाती, विमा, गहाण वस्तू सारे त्यात लिहू या आणि ती वही पती-पत्नी दोघांनी पाहावी.

मोहल्ल्यात कर्ज-ए-हसनाचा छोटा निधी असावा. तो संकट आल्यावर उभा राहत नाही. बरे दिवस असताना दरमहा थोडे थोडे टाकूनच साठतो.

आणि ज्याचे दुकान तेव्हापासून सावरलेले नाही, त्याच्याकडे पैसे मागायला जाण्याआधी एकदा त्याची खुशाली विचारायला जाऊ या.