सोनं नको, रस द्या!

एप्रिल उजाडला, इन्क्रिमेंटची कुजबुज सुरू झाली की मोबाइलवर ज्वेलर्सच्या ऑफर्सचा पाऊस पडायला लागतो. घडणावळीवर सूट, एक ग्रॅमचं नाणं फ्री वगैरे. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एक, अक्षय्य तृतीया. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षय्य. मग घ्या सोनं! (२०१७पासून सोन्यावर ३ टक्के जीएसटी, वर घडणावळ. मोडायला गेलात की हे पैसे काही परत मिळत नाहीत. म्हणजे क्षय पहिल्याच दिवशी. असो.)

गंमत म्हणजे जैनांच्या कथेत सोनंनाणं चक्क नाकारलं गेलंय. पहिले तीर्थंकर ऋषभदेव राज्य सोडून निघाले, तेव्हा साधूला भिक्षा काय घालायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक आपल्या राजापुढे हत्ती, घोडे, रत्नं आणून ठेवायचे. साधं जेवण द्यावं, हे कुणाच्या डोक्यातच येईना. आणि ते तर मौनात! वर्षाहून जास्त काळ उपाशीच गेला. शेवटी हस्तिनापुरात श्रेयांसकुमारानं उसाचा रस दिला आणि तो त्यांनी ओंजळीत घेतला. तो हा दिवस.

माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीनं याच आठवणीतलं वर्षीतप केलं. एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी फक्त दोनदा जेवण, असं साधारण तेरा महिने. उपवासाला उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. लोकल, डेडलाइन, क्लायंटचे कॉल, सगळं सांभाळून हं! मी एकदा विचारलं, ''चिडचिड नाही होत?'' म्हणाली, ''होते ना. पण आता कळतं, ही भूक बोलतेय, मी नाही.'' गेल्या वर्षी तिनं पालिताण्याला उसाच्या रसानं पारणं केलं. कुठल्याही डाएट प्लॅननं मला इतकं विचारात पाडलं नव्हतं.

आमच्या खानदेशात हीच आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघरी आमरस-पुरणपोळी. पण सकाळ मात्र पितरांची. मातीची घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज ठेवायचं, आगारी टाकायची. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्यानं खाल्लंय, त्याला कुणासाठी पाणी भरून ठेवणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जुन्या शास्त्रांतही या दिवशी खरेदीपेक्षा दानाचीच महती, त्यातही पाण्याच्या घड्याची.

गेल्या आखाजीला बाबांच्या नावाची घागर पहिल्यांदाच भरायची होती. ते गेल्यापासून आई फारशी बोलत नव्हती. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, ''छोटंसं नाणं घेऊ या का?''

''नाणं नको,'' ती म्हणाली. ''घागरी दोन आण.''

एक देवघरापाशी. दुसरी तिनं बिल्डिंगच्या गेटजवळ, वॉचमनकाकांच्या खुर्चीशेजारी ठेवायला लावली, वर झाकण, झाकणावर पेला. कुरिअरवाले, भाजीवाली, शाळेतून येणारी पोरं... दुपारी दोनच्या आत ती रिकामी झाली. मी वर येऊन सांगितलं, तर आई कळशी घेऊन दारातच उभी होती.