मांसाद प्राण्यांची नावे : व्युत्पत्ती आणि व्यवहार

'क्रव्याद रस' हा कल्प आपणा सर्वांस परिचित आहे. क्रव्य म्हणजे कच्चे मांस आणि अद् म्हणजे खाणे. ते खाणारा तो क्रव्याद. वैदिक वाङ्मयात प्रेत दहन करणाऱ्या अग्नीलाही हेच नाव आहे. मांसासारखे गुरु अन्नही पचवील, या अर्थाने रसशास्त्राने ते अग्निमांद्यावरील कल्पास दिले.

प्राण्यांच्या नावांतही असाच अर्थ दडलेला आहे. विशेष रीतीने हुंगतो तो व्याघ्र (वि + आ + घ्रा). अंग सतत चाटून स्वच्छ करतो तो मार्जार (मृज्). 'हिंस्' धातूतील वर्णांची अदलाबदल होऊन सिंह शब्द झाला, असे निरुक्तकार सुचवितात. आधुनिक भाषाशास्त्र मात्र ही व्युत्पत्ती सिद्ध मानीत नाही. तरक्षु म्हणजे आपले तरस.

संहितांतील वर्गनामे वाचताना अधिक सावधगिरी हवी. झडप घालून, बळाने खातात ते प्रसह. चरकाचार्यांनी या वर्गात सिंह, व्याघ्र, वृक यांच्याबरोबर गाय, गाढव, घोडा व उंट यांनाही घेतले आहे. म्हणजे चरकोक्त 'प्रसह' हा 'मांसाहारी' याचा पर्याय नव्हे. म्हणूनच मांसभक्षक प्रसहांचा निर्देश करताना 'मांसाशी' असे वेगळे विशेषण योजलेले दिसते. सुश्रुतसंहितेत सिंह-व्याघ्रादी 'गुहाशय' वर्गात येतात आणि 'प्रसह' या नावाखाली काक, श्येन, गृध्र इत्यादी पक्षी येतात. शब्द एकच, परंतु वर्ग भिन्न. संदर्भ न पाहता एका संहितेतील गुणधर्म दुसरीतील प्राण्यास लावल्यास अर्थाचा अनर्थ होतो.

औषधालयात तर ही नावे वनस्पतींसाठीच अधिक येतात. व्याघ्री म्हणजे कंटकारी, श्वदंष्ट्रा म्हणजे गोक्षुर, व्याघ्रपुच्छ म्हणजे एरंड. ओरबाडणारे काटे, कुत्र्याच्या दाढेसारखे फळ अशी साम्ये त्यामागे आहेत. 'सिंही' हे नाव बृहतीलाही आहे आणि वासालाही. तेथे योगाचा अधिकार, सहपाठी द्रव्ये व टीका पाहूनच निर्णय करावा. 'चित्रक' म्हणजे चित्ताही आणि अग्निदीपक मूळही. सर्वांत जपण्याजोगा शब्द 'व्याघ्रनख'. गंधद्रव्यांच्या वर्गातील हे 'नख' म्हणजे सागरी शंखवर्गीय प्राण्याच्या कवचाचे झाकण होय; वाघाचे नख नव्हे. वाघनखाचा व्यापार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये दंडनीय गुन्हा आहे. एखाद्या अडाणी पुरवठादाराने शब्दशः अर्थ घेतला, तर औषध अशुद्ध होईलच, शिवाय औषधालयाच्या मालकावर कारवाईचा प्रसंग ओढवेल.

यास्तव मागणीपत्रात केवळ पर्यायनाम न लिहिता प्रसिद्ध नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव व प्रयोज्य अंग ही तिन्ही लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. पर्यायनामे ही आपल्या शास्त्राची श्रीमंती आहे. परंतु ती अर्थ जाणून वापरली तरच रुग्णाच्या हिताची ठरते.