गेमिंग संगणकाचा गोंगाट आणि सास्तूरचा उन्हाळा

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे, जिथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या आसपास जातो आणि काळ्या रानांची धूळ घरात शिरते, तिथे गेमिंग संगणकाच्या गोंगाटाचे मूळ बहुधा हीटसिंकमध्ये, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांत असते; त्या धुळीने बुजल्या की पंखे वेग वाढवतात. वेग निम्मा केल्यास आवाज सुमारे 15 डेसिबलने घटतो, मात्र हवाही निम्मीच वाहते, म्हणून 120 ऐवजी 140 मिलिमीटरचा पंखा संथ फिरवणे श्रेयस्कर. ग्राफिक्स कार्डाचे व्होल्टेज किंचित उतरवणे हा त्याहून मूलगामी उपाय, कारण त्यात उष्णताच कमी निर्माण होते. आवाज शोषणारा फोम उष्णताही कोंडतो. तो येथे टाळावा.