आईचे नव्वद दिवस आणि टीव्हीचा डबा

आमचं सिटीवेस्ट म्हणजे डब्लिनच्या नैऋत्येची कड. शहरातून लुआसच्या रेड लाइनने निघालं की सगळ्यात शेवटचा थांबा सॅगर्ट, त्याच्या अलीकडचा फॉर्च्युन्सटाउन. २०११ मध्ये ट्रामचा हा फाटा सुरू झाला. आज इथल्या अपार्टमेंटच्या जिन्यात संध्याकाळी फोडणीचा वास येतो आणि लिफ्टमध्ये तेलुगू, मल्याळम, मराठी सगळं कानावर पडतं. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५,४४९ भारतीय नागरिक मोजले गेले. त्यातले बरेचसे आपल्याच इमारतीत राहतात की काय, असं शनिवारी वाटतं!

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर आई सांगलीहून आमच्याकडे आली. एकटीच. बाबांना विमान नको, थंडी नको आणि कुंड्यांना पाणी कोण घालणार हा प्रश्न होताच. इथला भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा. आल्या दिवशीच आईने कालनिर्णय भिंतीला लावलं आणि परतीच्या तारखेला गोल केला.

नव्वद दिवस, तेही हिवाळ्यातले. डिसेंबरात इथे सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारी सव्वाचारला अंधार पडतो. मी आणि नवरा कामावर, लेक शाळेत. आई बाहेर पडणार कुठे? दुपारी लेकीला शाळेतून आणायचं आणि मग तीन वाजता टीव्हीसमोर बसायचं, हा तिचा दिवसाचा मुख्य कार्यक्रम. तीनच का? हिवाळ्यात आपण भारताच्या साडेपाच तास मागे असतो. म्हणजे सांगलीत रात्री साडेआठ. आई-बाबा गेली कित्येक वर्षं साडेआठची मालिका एकत्र बघतात. इथे आल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. आई व्हिडिओ कॉल लावायची, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि विचारायची, "अहो, लावू का?" तिकडून बाबा म्हणायचे, "थांब गं, अजून जाहिराती चालू आहेत."

लेकही शेजारी बसू लागली. एरवी मराठीत प्रश्न विचारला की इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी एक दिवस मला म्हणाली, "आई, तू माझ्याविरुद्ध कारस्थान करतेयस का?" शब्द मालिकेतला होता, पण वापर अचूक होता. मी हसले आणि त्या मालिकेबद्दलची माझी सगळी मतं गिळून टाकली.

आता खरं सांगायला हवं. हे सगळं चाललं होतं ते एका 'डॉजी बॉक्स'वर. आयर्लंडमध्ये हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. स्वस्तातला अँड्रॉइड डबा, त्यात कुणीतरी परस्पर भरलेली शेकडो चॅनेल्स, आणि वर्षाचे थोडेसे युरो. आयरिश लोक तो फुटबॉलसाठी घेतात, आपण साडेआठच्या मालिकेसाठी. आम्ही ओळखीच्या ओळखीतून घेतला. "सगळी मराठी चॅनेल्स येतात" एवढं ऐकलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी ऑफिसात आईचा फोन आला. "टीव्ही काळा झालाय गं. मी काही केलं नाही हं."

ते "मी काही केलं नाही हं" मला अजून आठवतं. तिला खरंच वाटत होतं की तिच्या हातून काहीतरी बिघडलं. डबा देणाऱ्याने व्हॉट्सॲपला उत्तर देणं बंद केलं होतं. कुठला तरी सर्व्हर बंद पडला असणार किंवा पाडला असणार. नवी सोय होईपर्यंत अकरा दिवस गेले, नव्वदातले अकरा. त्या दिवसांत बाबा फोनवर आईला रोजचा भाग सांगायचे. आई विचारायची, "पण तिने नेसलं काय होतं?" बाबा म्हणायचे, "ते मी कशाला बघू?" तीन मिनिटांत भाग संपायचा. मग आई खिडकीशी बसून ट्राम मोजायची. एकदा सहज म्हणाली, "तिकीट अलीकडचं मिळत असेल तर बघ."

तेव्हा मी या डब्यांबद्दल थोडं वाचलं. युरोपीय न्यायालयाने २६ एप्रिल २०१७ लाच एका डच खटल्यात निकाल दिला होता की असे आधीच भरून ठेवलेले डबे विकणं हा स्वामित्वहक्काचा भंग आहे. शिवाय जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की प्रमाणपत्र नसलेल्या अशा कित्येक स्वस्त डब्यांमध्ये छुपा प्रोग्राम असतो आणि तो घरच्या इंटरनेटचा वापर चोरट्या कामांसाठी करतो. ज्या वायफायवर माझं बँकेचं ॲप चालतं, त्याच वायफायवर हा पाहुणा बसला होता! डबा कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक भंगाराच्या केंद्रावर दिला आणि दुकानातून नामांकित कंपनीचा नवा डबा आणला.

आणि इथे दुसरा अध्याय सुरू झाला. डबा सुरू करायला ईमेल, पासवर्ड, कार्ड. मराठी मालिकांच्या ॲपला वेगळा ईमेल, वेगळे पैसे. दर काही दिवसांनी तो आईला बाहेर काढायचा आणि सहा आकडी कोड माझ्या फोनवर पाठवायचा, मी मीटिंगमध्ये असताना. रिमोटवर माइकचं बटण होतं. आईने त्यात स्पष्ट सांगितलं, "हास्यजत्रा लाव." डब्याने शिडाच्या होड्यांचे व्हिडिओ काढून दिले. शेवटी आईने स्वतःच उपाय शोधला. मधल्या गोल बटणावर तिने आपली लाल टिकली चिकटवली. "हे दाबायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही."

या डब्यांचा इतिहास तसा फार जुना नाही. ॲपल टीव्ही २००७ मध्ये आला, रोकू २००८ मध्ये, आणि २०१३ मध्ये गूगलचा पस्तीस डॉलरचा क्रोमकास्ट आला तेव्हा ही चैन सगळ्यांच्या आवाक्यात आली. तेव्हापासून चित्र अधिक स्वच्छ झालं, चिप वेगवान झाली, आवाज चहूबाजूंनी येऊ लागला. पण डबा कुणासाठी बनवला, तर ज्याला इंग्रजी येतं, ज्याच्याकडे स्वतःचं कार्ड आहे आणि ज्याला काय बघायचं ते शोधता येतं त्याच्यासाठी. माझ्या आईला शोधायचं नसतं. तिला लावायचं असतं. म्हणून पुढच्या पिढीच्या डब्याकडून माझ्या काही मागण्या आहेत. चार के, आठ के जाऊ द्या, त्या कंपन्या देतीलच.

पहिली मागणी भाषेची. मेन्यू देवनागरीत हवा आणि बोललेलं मराठीत कळायला हवं. माझ्या फोनला ते कळतं, मग डब्याला का नाही? आणि शोध रोमन अक्षरांत केला तरी 'हास्य' तीन स्पेलिंगांनी लिहिलं तर तिन्ही वेळा तेच सापडावं.

दुसरी मागणी जुन्या टीव्हीसारख्या चॅनेल नंबरची. एक दाबलं की साडेआठची मालिका, दोन दाबलं की बातम्या, तीन दाबलं की कीर्तन. आतमध्ये कुठलं ॲप आहे, हे आईला कळायची गरजच काय? लहानपणी आमच्या गच्चीवर बाबा अँटेना फिरवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" त्रास होता, पण पासवर्ड कुणी मागत नव्हतं. याच डब्यात साओरव्ह्यूचा अँटेनाही जोडता यावा. ही इथली फुकट प्रसारणसेवा. घरात टीव्ही संच आहे म्हणून वर्षाला १६० युरो परवाना भरतोच, मग ती चॅनेल्स त्याच रिमोटवर का नकोत?

तिसरी मागणी, मुलाबाळांना दुरून मदत करता यावी. आईच्या परवानगीने मला ऑफिसातून फोनवर तिचा पडदा दिसावा आणि लॉगिन करून देता यावं. आणि एकदा ओळख पटली की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा बाहेर काढू नये. युरोपीय संघाचा सुलभतेचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे आणि टीव्ही कार्यक्रम बघण्याची अशी उपकरणंही त्यात येतात. ज्यांना दिसायला, ऐकायला, हात चालवायला अडचण आहे त्यांच्यासाठी तो आहे. भाषेची अडचण त्यात बसत नाही, पण मोठी अक्षरं आणि साधा रिमोट मिळाला तरी निम्मं काम होईल.

चौथी मागणी आयुष्याची. डबा किती वर्षं चालेल, ते खोक्यावर छापा. मार्च २०२५ मध्ये जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट अचानक अडले, कारण आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण तोवर धडधाकट यंत्रं गप्प बसली होती. युरोपचा नवा सायबर कायदा ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होईल, तेव्हा अशा उपकरणांना साधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट द्यावे लागतील. मिक्सर दहा वर्षं चालतो, तर डब्याला पाच वर्षं जास्त नाहीत.

पाचवी मागणी डब्याच्या एकट्याच्या हातात नाही. कार्यक्रमाचे हक्क देशागणिक विकले जातात. आयर्लंडमध्ये घेतलेली सशुल्क सेवा स्पेनला सुटीवर गेलो तरी चालते, कारण १ एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघात तसा नियमच आहे. पण सांगलीत पैसे भरलेलं ॲप आईबरोबर डब्लिनला येत नाही. तिने तिकडे पैसे भरलेत, माणूस तोच, फक्त नव्वद दिवसांसाठी घर बदललंय! हा प्रवाशाचा हक्क वाहिन्यांनी मान्य करावा. तोवर डब्याने एवढं करावं की जे या देशात दिसणारच नाही, ते शोधात दाखवून तोंडाला पाणी सुटू देऊ नये.

आणि शेवटची मागणी माझ्या आई-बाबांची. नव्या, सरळमार्गी ॲपवर इथे नवा भाग दुसऱ्या दिवशी यायचा. म्हणजे बाबा एक दिवस पुढे. पहिल्या दिवशी त्यांनी फोनवर शेवट सांगून टाकला आणि आई चिडली. त्यानंतर बाबांनी साडेआठला टीव्ही लावणं सोडलं. सांगलीत मोठा पडदा बंद ठेवून ते कालचा भाग मोबाइलवर लावायचे. "एक, दोन, तीन" म्हणून दोघं एकदम बटण दाबायची. जाहिराती दोन्हीकडे वेगळ्या, त्यामुळे दहा मिनिटांत एक पुढे, एक मागे. मग पुन्हा "थांब गं." २०२० च्या टाळेबंदीत काही कंपन्यांनी दूर बसून एकत्र बघण्याची सोय काढली होती, काहींनी नंतर ती बंदही केली. तरुण मित्रमैत्रिणींचा खेळ समजून काढली असावी. ज्यांना तिची रोज गरज आहे, ते सत्तरीचे आहेत.

हे मागणं जास्त आहे का? लेकीच्या शाळेत आयरिश शिकवतात. ती भाषा रोज बोलणारे लोक थोडे, तरी तिचं टीजी४ हे चॅनेल १९९६ पासून चालू आहे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुलांसाठी कूला४ हे वेगळं चॅनेलही निघालं. लेक ते बघते, खाली इंग्रजी अक्षरं असली की मलाही थोडं कळतं. लहान भाषेला घरातल्या पडद्यावर जागा ठेवावी लागते, ती आपोआप राहत नाही, हे इथल्या लोकांना कळलंय. मराठी तर लहान भाषाही नाही. फक्त इथे तिच्यासाठी कुणी बटण ठेवलेलं नाही.

आईने अलीकडचं तिकीट घेतलं नाही. फेब्रुवारीत, कालनिर्णयावर गोल केलेल्या तारखेलाच गेली. आता तीनच्या वेळेला लेक व्हिडिओ कॉल लावते. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली आणि तीनचे चार झाले. तिने स्वतःच आजीला फोन करून सांगितलं, "आजी, उद्यापासून चार हं. पण तुझे साडेआठच."

आई ऑक्टोबरात पुन्हा येणार आहे. या खेपेला बाबांनाही तयार करतोय, कुंड्या शेजारी बघणार आहेत. ते आले तर दोघांना एकच पडदा पुरेल. नाही आले, तर टिकली लावलेला रिमोट जागेवर आहेच. तुमच्याकडे येणाऱ्या आई-वडिलांसाठी तुम्ही याहून बरी, सरळमार्गी सोय केली असेल, तर जरूर कळवा. ऑक्टोबरच्या आत.